आधी पांढरा, मग बाकीचे रंग

रंगांच्या कामासाठी घेतलेला मॉनिटर नीट कॅलिब्रेट करून, म्हणजे त्याचे रंग मोजून प्रमाणाशी जुळवून, टेबलावर मांडला की पहिल्या दिवशी बहुतेकांचा विरस होतो. पडदा मंद वाटतो. पांढरा रंग किंचित पिवळट वाटतो. शेजारी जुना मॉनिटर चालू असेल तर तोच जास्त टवटवीत दिसतो, आणि एवढा खर्च करून आपण मागे तर गेलो नाही ना, अशी शंका मनाला चाटून जाते. मी छायाचित्रं आणि पुस्तकांची मुखपृष्ठं छपाईसाठी तयार करतो. कुणी मॉनिटर निवडण्याबद्दल विचारलं की या विरसाची कल्पना मी आधीच देऊन ठेवतो, कारण निवडीतली सगळ्यात अवघड गोष्ट त्यातच दडलेली आहे. डोळ्याला देखणा पडदा हवा असतो, कामाला भरवशाचा लागतो. दोन्ही गुण एकाच पडद्यात सापडतातही, पण त्यातल्या कोणत्या गुणाकडे बघून हो म्हणायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

विरसाचं कारण साधं आहे. घरगुती वापराचे बरेच मॉनिटर कारखान्यातून निघतानाच भरपूर उजेडावर आणि निळसर पांढऱ्यावर लावलेले असतात. निळसर पांढरा डोळ्याला स्वच्छ वाटतो. रंगकामात मात्र कोणता पांढरा धरायचा हे ठरवून दिलेलं आहे. पडद्यासाठी सहसा डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा, दिवसाच्या सरासरी उजेडाशी जुळणारा पांढरा. छपाईच्या जगात डी५०, जो आणखी उबदार आहे. डी६५ लावून अर्धा तास काम केलं की डोळा त्याला सरावतो, आणि मग जुन्या मॉनिटरकडे नजर गेली तर तो चक्क निळा दिसतो. दोन्ही पडदे होते तसेच आहेत. मधल्या वेळात डोळ्याने आपला पांढरा बदललेला असतो. म्हणून 'मला कसा दिसतो' या प्रश्नाला मी मॉनिटर निवडताना फार किंमत देत नाही. वजनकाट्याकडून आपण एवढंच मागतो की किलो हा किलोच भरावा, आजही आणि वर्षभरानेही. मॉनिटरकडेही माझं मागणं तेवढंच आहे.

डोळ्याच्या साक्षीबद्दलची ही सावधगिरी जुनी आहे. फ्रान्समधल्या गोबेलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात १८२४ साली मिशेल युजेन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख म्हणून आला. तिथे काळ्या धाग्यांबद्दल तक्रार होती: निळ्या-जांभळ्या भागात वापरला की काळा रंग फिका पडतो, त्यात जोर राहत नाही. शेव्हरलने रंग तपासले, धागे तपासले आणि काळ्यात काहीच खोट नसल्याचं त्याच्या लक्षात आलं. शेजारचे रंग त्या काळ्याला वेगळा दाखवत होते. या निरीक्षणातून त्याने रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडला, तो १८३९ साली प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर गर्द लाल पट्टा असेल तर त्याच्या बाजूचा राखाडी हिरवट दिसतो, तेव्हा मला शेव्हरल आठवतो आणि माझा हात राखाडीत लाल मिसळण्याआधी थांबतो. मात्र असं थांबायचं तर पडद्यावरचा राखाडी खरोखर राखाडी आहे, एवढी खात्री तरी हवी.

ती खात्री आकड्यांतून येते, आणि त्या आकड्यांचा उगम मला नेहमीच हलवून टाकतो. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्रयोग केले. एका बाजूला एकच रंग, दुसऱ्या बाजूला लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचं मिश्रण. दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत निरीक्षकाने मिश्रण कमीजास्त करायचं. राइटकडे १० निरीक्षक होते, गिल्डकडे ७. या १७ जणांच्या डोळ्यांवरून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. आजही मॉनिटरच्या खोक्यावर रंगांचा जो त्रिकोण छापलेला असतो, त्याच्यामागचा नकाशा या १७ माणसांनी जुळवलेल्या रंगांतूनच आलेला आहे.

याच नकाशातून पुढे डेल्टा ई निघाला. हवा असलेला रंग आणि पडद्यावर आलेला रंग यांच्यातलं हे अंतर. ते मोजायची सुधारित रीत २००० सालच्या सूत्राची आहे. अंतर १ च्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक जेमतेम कळतो. 'डेल्टा ई २ पेक्षा कमी' असं जाहिरातीत वाचलं की मी पुढचे प्रश्न विचारतो. हा सरासरी आकडा की सगळ्यात वाईट? पडद्याच्या मध्यावर मोजलेला की कोपऱ्यांतही? कोणत्या मोडमध्ये? सरासरी १.५ असलेल्या पडद्यावर एखादा गडद निळा ५ ने चुकलेला असू शकतो, आणि तुमचं पुढचं मुखपृष्ठ नेमकं गडद निळं असतं. खोक्यातून येणारा कारखान्याचा अहवाल उपयोगी असतो, पण तो त्या दिवसापुरता. मॉनिटर पुढे रोज थोडा थोडा बदलत जातो.

आता रंगव्याप्ती, म्हणजे गॅमट: पडदा कुठपर्यंतचे रंग दाखवू शकतो त्याची हद्द. सगळ्यात जास्त चर्चा याची होते आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच आहे. एसआरजीबी ही मोजपट्टी एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली मांडली, १९९९ साली ती आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. तिचे मूळ तीन रंग एचडी टीव्हीच्या प्रमाणातलेच, म्हणजे काचेच्या नळीच्या पडद्यांच्या काळातले. १९९८ सालचा अॅडोबी आरजीबी तिच्याहून मोठा, पण गंमत अशी की दोघांचा लाल आणि निळा एकच आहेत. फक्त हिरव्याचं टोक बाहेर सरकवलेलं आहे. त्यामुळे त्रिकोण हिरव्या आणि निळ्या-हिरव्याच्या बाजूला फुगतो. सिनेमाच्या प्रोजेक्शनमधून आलेला पी३ वेगळ्या दिशेने जातो. त्याचा लालही जास्त गडद आहे आणि हिरवाही, म्हणून लाल-केशरी बाजूला तो जास्त पुरतो.

हे आकड्यांत कोरडं वाटतं, म्हणून मी झेंडूचं फूल दाखवतो. भर उन्हात काढलेला, गर्द केशरी झेंडू. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली नोंद, मोठ्या रंगव्याप्तीत उघडायची आणि फक्त एसआरजीबी दाखवणाऱ्या पडद्यावर बघायची. फुलाच्या मधोमध पाकळ्या एकमेकींत विरघळलेल्या दिसतात, एक सपाट केशरी गोळा. लाल वाहिनी, म्हणजे फाइलमधले लालाचे आकडे, वरच्या टोकाला टेकलेली, निळी तळाला. मधल्या छटांना जागाच उरलेली नाही. तीच फाइल पी३ पूर्ण दाखवणाऱ्या पडद्यावर नेली की पाकळीची दुमडलेली कड दिसते, तिच्याखालची तांबूस सावली दिसते, एकावर एक चढलेल्या पाकळ्या मोजता येतील इतक्या सुट्या होतात. तपशील फाइलमध्ये होताच. आता कागदाची बाजू बघा. ऑफसेटच्या चार शाईंना हा केशरी झेपत नाही. तो मळकट होणार. मग मोठ्या रंगव्याप्तीचा उपयोग काय? माझं उत्तर असं की काय गमावणार आहोत हे दिसलं तरच काय वाचवायचं ते ठरवता येतं. रंगाचा भडकपणा सोडून पाकळ्यांच्या कडा राखायच्या, हा निर्णय कडा दिसल्याशिवाय घेता येत नाही.

छपाईत याची उलटी बाजूही आहे. शाईतला शुद्ध सायन एसआरजीबीच्या बाहेर पडतो. मोरपंखी, समुद्राचा हिरवट निळा, असे रंग चांगल्या कागदावर पडद्यापेक्षा सरस उतरू शकतात. एसआरजीबीच्याच मॉनिटरवर काम करणाऱ्याला ते आधी दिसत नाहीत. म्हणून छपाईचं काम करणाऱ्याला मी अॅडोबी आरजीबी जवळजवळ पूर्ण व्यापणारा मॉनिटर सुचवतो. चलचित्रांचं काम असेल तर पी३ आणि एचडीचं जुनं प्रमाण. काम फक्त संकेतस्थळांसाठी असेल, तर एसआरजीबी पूर्ण आणि अचूक दाखवणारा साधा मॉनिटर पुरेसा आहे, आणि वाचलेले पैसे इतरत्र लावणं शहाणपणाचं.

टक्केवारी वाचताना एक काळजी घ्यावी. '१२५ टक्के एसआरजीबी' हा आकडा बहुधा त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा असतो. त्रिकोण मोठा असूनही एसआरजीबीचा एक कोपरा त्याच्या बाहेर राहू शकतो. आपल्याला हवी ती व्याप्ती, आणि ती कधीच शंभराच्या वर जात नाही. '७२ टक्के एनटीएससी' असंही लिहिलेलं सापडतं. १९५३ सालच्या टीव्ही प्रमाणाशी केलेली ही तुलना क्षेत्रफळात साधारण एसआरजीबीएवढी भरते, व्याप्तीबद्दल मात्र काहीच सांगत नाही.

मोठी रंगव्याप्ती सांभाळावीही लागते. ज्या प्रोग्रॅमला प्रोफाइल, म्हणजे रंगांची ओळख सांगणारी नोंद, वाचता येत नाही, तो एसआरजीबीचे आकडे जसेच्या तसे मोठ्या पडद्यावर फेकतो आणि माणसांचे चेहरे लालबुंद होतात. यासाठी मॉनिटरमध्ये नीट चालणारा एसआरजीबी मोड हवा. काही मॉनिटरवर हा मोड लावला की ब्राइटनेसचं बटण कुलूपबंद होतं. ही बारीक गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नसते आणि रोज त्रास देते, तेव्हा घेण्याआधी विचारून घ्यावी.

पण एवढं सगळं सांगून झाल्यावर माझं मत विचाराल तर मी रंगव्याप्तीच्या आधी पडद्याची समानता बघतो. पडदाभर मधला करडा रंग भरायचा, खोलीतले दिवे मालवायचे आणि दोन पावलं मागे सरायचं. डोळे स्थिरावले की नकाशा उमटायला लागतो: एक कोपरा गुलाबीकडे झुकलेला, समोरचा हिरवटकडे, खालची कड काळवंडलेली. एका पॅनलवर मी हा करडा बराच वेळ न्याहाळला होता. मध्यावर एकही दोष सापडत नव्हता, मापकाचे, म्हणजे पडद्याचे रंग मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे सुरेख होते, आणि डावीकडचा तळहाताएवढा भाग स्पष्ट तांबूस होता. त्या भागात एखादा चेहरा आला तर काय होईल? त्याच्या गालावरची लाली जास्त वाटणार, मी ती उतरवणार आणि कागदावर माणूस आजारी दिसणार. रंगव्याप्तीतली कमतरता काही मोजक्या रंगांना नडते. असमानता प्रत्येक चित्राला नडते. व्यावसायिक मॉनिटरमध्ये प्रत्येक भाग वेगळा मोजून दुरुस्त करणारी सोय असते. ती चालू केली की ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट थोडे घटतात. घटू द्यावेत. छापलेल्या कागदाचा स्वतःचा कॉन्ट्रास्ट पडद्याच्या हजारास एकपेक्षा कितीतरी कमी असतो.

व्यावसायिक आणि साध्या मॉनिटरमधला दुसरा खरा फरक आत असतो, डोळ्याला न दिसणारा. साध्या मॉनिटरचं कॅलिब्रेशन म्हणजे ग्राफिक्स कार्डच्या तक्त्यात केलेली दुरुस्ती. आठ बिटांत एका वाहिनीच्या २५६ पायऱ्या. पांढरा जुळवायला निळी वाहिनी खाली ओढली की त्यातल्या काही पायऱ्या गळतात, आणि संध्याकाळच्या मोकळ्या आभाळात पट्टे दिसायला लागतात. चांगल्या मॉनिटरमध्ये १४ किंवा १६ बिटांचा तक्ता मॉनिटरच्या आतच असतो आणि दुरुस्ती तिथे लिहिली जाते. कार्डाकडून येणाऱ्या सगळ्या पायऱ्या शाबूत राहतात. याला हार्डवेअर कॅलिब्रेशन म्हणतात. पॅनल १० बिटांचं असेल तर १०२४ पायऱ्या मिळतात, किंवा आठ बिटांचं पॅनल दोन जवळच्या छटा भराभर आलटूनपालटून दाखवून मधली छटा भासवतं. या दुसऱ्या प्रकाराला लोक नाकं मुरडतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आतला तक्ता जास्त महत्त्वाचा.

पॅनलच्या प्रकाराबद्दल फार बोलायची गरज उरलेली नाही. बसल्या जागी मान थोडी हलवली तरी रंग तसेच राहावेत यासाठी आयपीएस प्रकारचं पॅनल घ्यावं. हे तंत्र हिताचीने १९९६ साली आणलं आणि या कामात अजून तेच मुख्य आहे. ओलेडचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणाऱ्या पॅनलचा, काळा अप्रतिम असतो, चलचित्रांच्या कामात त्याचं मोल आहे. पण प्रोग्रॅमच्या खिडक्यांच्या न हलणाऱ्या कडा दिवसभर एकाच जागी असतात आणि त्यांचे डाग पडायची भीती राहते. पडदा उजळ चित्राने भरला की काही ओलेड आपणहून मंदही होतात. छायाचित्रं तपासताना मला ते चालत नाही. रिझोल्यूशनचं म्हणाल तर २७ इंची ४के पडद्यावर इंचाला साधारण १६३ पिक्सेल येतात. मजकूर सुंदर दिसतो, मात्र चित्राला धार द्यायची असेल तेव्हा झूम करूनच ठरवावं, नाहीतर हात सैल सुटतो.

मापकाशिवाय व्यावसायिक मॉनिटर घेऊ नये. बजेट अडत असेल तर मॉनिटर एक पायरी खालचा घ्यावा, पण मापक घ्यावाच. कलरिमीटर गाळण्यांतून मोजतो, झटपट मोजतो आणि अंधाऱ्या छटा चांगल्या पकडतो. पण समोरचा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, कोणत्या जातीचा आहे हे त्याला सांगावं लागतं. निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर, की लाल-हिरवा फॉस्फर, की क्वांटम डॉट. चुकीची जात निवडली तर पांढराच चुकतो आणि अहवाल मात्र हिरव्या खुणा दाखवत राहतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर अख्खा वर्णपट मोजतो, त्याला जात सांगावी लागत नाही, कागदही मोजता येतो. पण गडद छटांत तो अडखळतो. एइझो या कंपनीच्या कलरएज मालिकेतल्या काही मॉनिटरमध्ये तर मापक चौकटीतच बसवलेला असतो. मोजायला लागणारं सॉफ्टवेअर मापकासोबत येतं, आणि ग्रेम गिल यांनी लिहिलेलं आर्गिलसीएमएस कुणालाही मोफत उपलब्ध आहे. ज्या बारकाईने ते लिहिलेलं आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा, रात्रीचा उबदार मोड आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करावा. एचडीएमआय जोडणी असेल तर आणखी एक बघावं. संगणक कधी कधी मॉनिटरला टीव्ही समजतो आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवतो. काळा राखाडी पडतो आणि माणूस पॅनलला दोष देत बसतो.

'छापून आलं की काळोखं दिसतं' ही तक्रार मी सतत ऐकतो. दहातल्या नऊ वेळा छपाईत काही बिघडलेलं नसतं. पडदा फार उजळ असतो. उजळ पडद्यावर चित्र गडद करण्याकडेच हात वळतो. छपाईच्या कामासाठी ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढा उजेड बास. नेमका आकडा खोलीवर अवलंबून आहे. कोरा कागद पडद्याशेजारी, ज्या दिव्याखाली प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बघणार त्या दिव्याखाली धरावा, आणि पडद्यावरचा पांढरा त्या कागदाशी जुळेपर्यंत ब्राइटनेस खाली आणावा. तो दिवा डी५० जातीचा असावा. भिंत करडी असेल तर उत्तमच. अंगातला भडक लाल शर्टसुद्धा पडद्यावर उतरतो, काम बारीक असेल त्या दिवशी मी करडा घालतो.

एवढं करूनही माझा आणि माझ्या सहकारी बाईंचा पांढरा कधी कधी जुळत नाही. नव्या मोठ्या रंगव्याप्तीच्या पडद्यांत तिन्ही रंगांचे प्रकाश अगदी अरुंद पट्ट्यांतले असतात, आणि प्रकाश जितका अरुंद तितका माणसामाणसांच्या डोळ्यांतला फरक उघडा पडतो. वयाबरोबर डोळ्याचं भिंगही पिवळं होत जातं. मापक म्हणतो पांढरा बरोबर आहे, त्यांना तो गुलाबी वाटतो, मला वाटत नाही. आम्ही दोघंही खरं बोलत असतो. १७ जणांच्या सरासरीत आमच्यापैकी कुणीच तंतोतंत बसत नाही. अशा वेळी पडद्यावर वाद न घालता आम्ही प्रूफ काढतो आणि दिव्याखाली ठेवून बघतो.

मॉनिटरचं आयुष्यही निवडतानाच विचारात घ्यावं. बॅकलाइट मंदावत जातो, पांढऱ्याचा कल सरकतो. काही कंपन्या म्हणूनच हमी वर्षांसोबत वापराच्या तासांतही देतात. दर महिन्याचा कॅलिब्रेशन अहवाल मी जपून ठेवतो. त्यात पूर्ण उजेडाचा आकडा हळूहळू उतरताना दिसतो, आणि तो उतरण्याचा वेग पाहून पुढची खरेदी कधी करावी लागेल याचा अंदाज येतो. डी६५ जुळवल्यावर १०० कँडेला गाठणं मॉनिटरला जड जायला लागलं की त्याच्यावरचं रंगाचं काम मी काढून घेतो. मग त्यावर टूलच्या पट्ट्या, ईमेल आणि मजकूर उघडा असतो, आणि या कामाला तो आणखी बरीच वर्षं पुरतो.